साडेसात फुटी छताखाली ड्रम्स रेकॉर्ड करायचे तर

आमच्या रो-हाऊसच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, बारा बाय दहा, उंची बरोब्बर साडेसात फूट. आधी तिथे स्कूटर, गॅलरीतल्या कुंड्या आणि आजीच्या काळातली पितळी भांडी असायची, आता ड्रमकिट असतो. पहिलं रेकॉर्डिंग केलं तेव्हा एवढा उत्साह होता की दोन्ही ओव्हरहेड माईक जमेल तेवढे वर चढवले, छताला जवळजवळ टेकवलेच म्हणा ना, कारण व्हिडिओत सगळे मोठ्या स्टुडिओत तसंच लावताना दिसतात. ऐकलं तर स्नेअर (मांड्यांमधला तारांचा ड्रम) पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा आणि क्रॅश (मोठी झांज) मारला की सूंऽऽ करून कुठेतरी वळून गेल्यासारखा आवाज. मग महिनाभर ईक्यू, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची बटणं, फिरवत बसलो. काही उपयोग झाला नाही, होणारही नव्हता, कारण गडबड माईकच्या जागेत होती आणि मी ती कॉम्प्युटरवर शोधत होतो.

तर हे सगळं त्या महिन्यानंतर शिकलेलं. सामान काय लागतं ते पुढे येईलच, पण सगळ्यात आधी एक मेजरिंग टेप घ्या. मस्करी नाही करत, या कामात माईकपेक्षा टेप जास्त कामाला येते.

आधी छत नक्की काय करतं ते बघू

ड्रमवर काठी पडली की आवाज सरळ माईककडे जातो आणि तोच आवाज वर छतावर आपटून थोडा उशिरा परत माईकमध्ये शिरतो. हे दोन आवाज एकात एक मिसळले की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात, काही फुगतात. तो डबा आणि ते सूंऽऽ म्हणजे हेच. आवाज साधारण एका मिलिसेकंदात एका फुटाहून जरासा जास्त जातो, त्यामुळे हिशोब करायला अवघड नाहीये.

माझ्या खोलीचंच गणित घ्या. छत ९० इंचावर, स्नेअरचा माथा २६ इंचावर. माईक छतापासून एक फूट खाली, म्हणजे ७८ इंचावर लावला. स्नेअरपासून माईक ५२ इंच. छतावरून फिरून येणारा रस्ता ७६ इंच. फरक दोन फूट, म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद. यात पहिला खड्डा, म्हणजे खाऊन टाकलेली फ्रिक्वेन्सी, पडतो २८० हर्ट्झच्या आसपास, पुढचा ८४५ ला, मग १४१० ला, असे चढत जातात. २८० म्हणजे स्नेअरच्या अंगाचा भाग, तोच गेला. आणि फिरून आलेला आवाज सरळ आवाजापेक्षा जेमतेम तीन-साडेतीन डीबी कमी, म्हणजे खड्डे चांगलेच खोल.

आता तोच माईक खाली आणा, स्नेअरपासून ३२ इंचावर. छतावरून येणारा रस्ता आता ९६ इंच, बरोब्बर तिप्पट. म्हणजे परतलेला आवाज साडेनऊ डीबीने कमी. छत तेच आहे, स्लॅब तोच आहे, फक्त स्टँड वीस इंच खाली आला. मला हे गणित कागदावर मांडल्यावर स्वतःच्याच डोक्यावर टपली मारावीशी वाटली.

कुणी म्हणेल, कार्डिऑइड माईक मागचं ऐकतच नाही, मग छताचं काय घाबरायचं? कमी ऐकतो, पण बहिरा नसतो, खालच्या फ्रिक्वेन्सीला तर बऱ्यापैकी ऐकतो. आणि क्रॅश, राईड, फ्लोअर टॉम हे माईकच्या बरोबर खाली नसतात, बाजूला असतात, त्यामुळे त्यांचा छतावरून येणारा आवाज तिरका येतो, मागून नाही. तिथे कार्डिऑइडचा फायदा निम्मा उरतो.

खोलीचं काम

खोलीत उभं राहून टाळी वाजवा. एका जागी नाही, फिरत फिरत, आणि किट जिथे ठेवायचाय तिथे बसूनसुद्धा. टर्रर्र असा पाल चुकचुकल्यासारखा शेपटा ऐकू आला की समजायचं फरशी आणि छत एकमेकांशी बोलतायत. फरशीवर जाड गालिचा टाकायचाच, तो किट सरकू नये म्हणूनही लागतो, सतरंजी पातळ पडते, दोन-तीन एकावर एक घातल्या तर चालतात. पण खरं काम वर आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, अंड्यांचे ट्रे लावू नका. थर्मोकोल तर नकोच, आवाज शोषत नाही आणि पेटला की आवरत नाही. ऑनलाइन मिळतो तो एक इंची पिरॅमिडवाला फोम हजार हर्ट्झच्या वरचंच काहीतरी करतो, म्हणजे सिंबलची चमक जाते आणि डब्याचा आवाज तसाच राहतो. अर्धवट उपचार आजारापेक्षा वाईट.

मी रॉकवूल वापरलं. ४८ डेन्सिटीचे, ५० एमएम जाडीचे, १००० बाय ६०० चे स्लॅब मिळतात, इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे विचारायचं, हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक नसतात. आठ स्लॅब लागले. चार खाली, चार वर, म्हणजे २ मीटर बाय १.२ मीटरचा १०० एमएम जाड ढग (छताखाली टांगायचा, आवाज शोषणारा तक्ता) तयार होतो, आणि तो दोन चौकटींत विभागला की एकट्या माणसाला धरता येतो. नुसत्या रॉकवूलचं वजन साडेअकरा किलो भरतं, वर लाकूड. चौकटी सुताराकडून पाइनवुडच्या करून घेतल्या, मागून तारेची जाळी, पुढून मांजरपाट. कापड कुठलंही चालतं, फक्त तोंडाला लावून फुंकर मारली की आरपार गेली पाहिजे, रेक्झिन किंवा मेणकापड लावलंत तर आवाज तिथूनच परत फिरतो. काम करताना फुल बाह्यांचा शर्ट, मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. मी बनियनवर केलं होतं, पुढचं सांगत नाही.

लावायचा कसा? छताच्या स्लॅबमध्ये हॅमर ड्रिलने भोक पाडून फास्टनर, प्रत्येक चौकटीला चार. नुसत्या रावळप्लगवर डोक्यावरचं वजन टांगू नका. आणि आपल्याकडच्या घरांत एक सोय आयतीच असते, पंख्याचा हूक. माझ्या खोलीत पंखा होता आणि साडेसात फुटांत पंखा म्हणजे काठी उंच गेली की खटॅक, त्यामुळे तो काढावा लागणारच होता. त्या हुकातून एक जाड वायर दोन्ही चौकटींतून फिरवून ठेवलीय, फास्टनर दगा देतील तर ढग ड्रमरच्या डोक्यात यायच्या ऐवजी लोंबकळेल. ढगाची जागा किटच्या बरोबर वर, स्नेअर मध्यभागी धरून. खोलीभर लावायची गरज नाही, आवाज पहिल्यांदा जिथे आपटून माईककडे येतो तेवढा तुकडा झाकला तरी खूप.

चार इंच उंची गेली म्हणून जीव हळहळतो, पण कानाला उलटं वाटतं, छत आहे की नाही तेच कळेनासं होतं. एवढ्या जाडीत साधारण अडीचशे-तीनशे हर्ट्झपर्यंत व्यवस्थित काम होतं, आणि डब्याचा आवाज नेमका तिथून वर असतो.

भाड्याचं घर असेल, भोकं पाडता येत नसतील, तर कापसाच्या गाद्या. खरंच. गादीवाल्याकडून पिंजून घेतलेली चार इंची गादी बऱ्यापैकी आवाज खाते. ती छताला टांगता येत नाही, वजन फार, पण दोन उंच कपाटांवर किंवा घोड्यांवर बांबू आडवे टाकून त्यावर आडवी घालता येते, फक्त सगळं पक्कं बांधा. उरलेल्या गाद्या भिंतीला टेकवायच्या, किटच्या मागे आणि बाजूला. कोपऱ्यांत रॉकवूलची न फोडलेली पाकिटं जमिनीपासून छतापर्यंत रचून ठेवली तरी खर्ज आवरायला मदत होते.

फॉल्स सीलिंगवाल्यांनी एक काम आधी करा, कुणाला तरी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) जोरात मारायला लावून खोलीभर कान लावून फिरा. पीओपीतले दिवे, ट्यूबलाइटची पट्टी, खिडकीच्या काचा, काय काय कुरकुरतं ते कळतं. माझ्या एका अख्ख्या टेकमध्ये प्रत्येक किकला मागून झिर्रर्र असा बारीक आवाज होता, मी स्नेअरच्या तारा दोनदा बदलल्या, पेडलला तेल घातलं, आणि शेवटी सापडलं काय तर भिंतीवरच्या कॅलेंडरची वरची पत्र्याची पट्टी.

किट

खोली बुटकी असेल तर किट पण बुटका ठेवायचा. रायझर, म्हणजे किटखालचा चौथरा, नको. क्रॅश उंच लावायची सवय असते ती सोडायची, कारण क्रॅश वर गेला की तो ओव्हरहेडच्या तोंडात जातो आणि छताच्याही जवळ जातो, दोन्हीकडून मार. मी क्रॅश टॉमच्या वर वीतभर ठेवतो, काठीला जागा मिळेल इतपत. किट खोलीच्या अगदी मधोमध नको, लांबीच्या मध्यापासून दोन-एक फूट सरकवा.

ट्यूनिंगवर इथे पानंच्या पानं लिहिता येतील, पण थोडक्यात, कोटेड स्किन घ्या, क्लिअरपेक्षा जरा मऊ बोलते आणि छोट्या खोलीत ते बरं पडतं. प्रत्येक बोल्टजवळ काठीने हलकं टिचकवत सूर सारखा करायचा, तबल्यावर मैदानाचा सूर लावताना जसं घर-घर ठोकत जातो तसंच. स्नेअर घणघणत असेल तर रिमजवळ टिश्यूची घडी आणि कागदी चिकटपट्टी, एवढंच. किकमध्ये उशी सगळे घालतात, मी आजीची गोधडी घालतो, घडी करून दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल अशी. जास्त कोंबली तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाटतं.

आणि ड्रमर. बुटक्या खोलीत सगळ्यात मोठा इफेक्ट ड्रमरचा हात आहे. सिंबल जरा हळू, स्नेअर आणि किक नेहमीसारखे, एवढं जमलं तर मिक्स अर्धं झालं. हाय-हॅट कुटणारा ड्रमर असेल तर कुठलाही ढग त्याला वाचवू शकत नाही. हे त्याला रेकॉर्डिंगच्या दिवशी सांगू नका, आठवडाभर आधी सांगा आणि सरावही त्याच खोलीत करायला लावा.

माईक

मी चार माईक वापरतो, दोन ओव्हरहेड, एक स्नेअर, एक किक. चार प्रीअँपचा इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) पुरतो, माझ्याकडे बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी आहे. टॉमना वेगळे माईक लावले की प्रत्येक माईकमधून थोडी थोडी बुटकी खोली आत येते, त्यामुळे आधी चारांत भागवून बघा.

ओव्हरहेडसाठी बुटक्या छताखाली मला एकच पद्धत पटलीय, रेकॉर्डरमॅन म्हणतात ती. ग्लिन जॉन्स या साउंड इंजिनिअरची पद्धत पण छानच, पण त्यात वरचा माईक स्नेअरपासून तीन-साडेतीन फुटांवर जातो आणि आपल्याकडे तेवढीच तर मोकळीक नाहीये. रेकॉर्डरमॅनमध्ये अंतर दोन काठ्यांचं. काठी साधारण सोळा इंचाची, दोन काठ्या म्हणजे ३२ इंच, आणि वरचं गणित आठवत असेल तर हा आकडा कुठून आला ते कळलं असेल.

पहिला माईक: स्नेअरच्या मध्यावर दोन काठ्या एकीवर एक उभ्या धरा, जिथे दुसरीचं टोक येतं तिथे माईकचं तोंड, खाली स्नेअरकडे बघत. दुसरा माईक: ड्रमरच्या उजव्या खांद्यावरून, तोही स्नेअरपासून दोन काठ्यांवर, तोही स्नेअरकडे बघत. डावखुरा असेल तर उलट.

आता सुतळी. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर चिकटपट्टीने लावा, दुसरं टोक किकवर जिथे बीटर आपटतो तिथे. मधली सुतळी उचलून पहिल्या माईकच्या तोंडाशी ताणून धरा, दोन्ही बाजू ताठ झाल्या पाहिजेत, आणि जिथे माईकला टेकली तिथे चिमटीत पकडा, सोडू नका. तीच चिमूट आता दुसऱ्या माईककडे न्या. दोन्ही बाजू पुन्हा ताठ होतील अशा जागी तो माईक सरकवायचा. झालं, आता स्नेअर दोन्ही माईकांना एकाच वेळी पोचतो आणि किकही. दोन माणसं लागतात, एकट्याने केलं तर सुतळी तोंडात धरावी लागते, मी केलंय, दिसायला वाईट दिसतं.

काठी मारताना माईकला लागते का ते ड्रमरला पूर्ण जोरात वाजवायला लावून बघा, खांद्यावरचा माईक हमखास कोपराच्या वाटेत येतो. दोन-चार इंच सरकवला तरी चालेल, फक्त सुतळी परत लावा.

स्नेअरला शूरचा एसएम५७ माईक, रिमच्या वर दोन बोटं, मध्याकडे तिरका, आणि त्याची पाठ हाय-हॅटकडे. किकच्या पुढच्या स्किनला भोक असेल तर माईकचं तोंड भोकातून जरासं आत. बीटरच्या जवळ गेलात तर टकटक जास्त, बाहेर आलात तर घुमारा जास्त, दोन-दोन इंचांनी सरकवत रेकॉर्ड करून ऐका. साडेसात फुटी खोलीत उंचीचा घुमारा ७५ हर्ट्झच्या आसपास बसतो, बऱ्याच किकची मुख्य धमकही त्याच भागात असते, त्यामुळे हेडफोनवर किक नको इतका भव्य वाटला तर लगेच खूश होऊ नका.

याहून वेगळा एक उद्योग करून बघण्यासारखा आहे. छताच्या अगदी जवळ माईक नको म्हणालो, पण छताला चिकटलेला चालतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण माईकचं तोंड स्लॅबपासून अर्ध्या सेंटिमीटरवर असेल तर सरळ आवाज आणि परतलेला आवाज जवळजवळ एकाच क्षणी पोचतात, खड्डे ऐकू येण्याच्या पलीकडे जातात. पीझेडएम माईक याच तत्त्वावर चालतात. छोटा ओम्नी (सगळ्या बाजूंचं सारखं ऐकणारा) माईक असेल तर ढगाच्या बाहेर, जिथे नुसता स्लॅब आहे तिथे चिकटपट्टीने चिकटवा. सिंबल जास्त येतात, पण किटचं एक सलग चित्र मिळतं. मी तो चवीपुरता मिक्समध्ये घालतो.

रूम माईक मात्र त्या खोलीत लावू नका. त्या खोलीचा आवाज कुणाला हवाय? दार उघडा आणि माईक जिन्यात ठेवा, किंवा टाईल्सच्या बाथरूममध्ये. आमच्या जिन्याच्या वळणावर ठेवलेला माईक कुठल्याही प्लगइनपेक्षा मोठा आवाज देतो, फक्त घरच्यांना सांगून ठेवावं लागतं, नाहीतर एका सुंदर फिलच्या शेवटी "अरे, दूध आणलंस का?" रेकॉर्ड होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

शेजाऱ्यांना आधी सांगा. ढगाने खोलीतला आवाज सुधारतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही, हे दोन वेगळे विषय आहेत आणि लोक नेहमी गल्लत करतात. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ डीबी आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डीबीची मर्यादा आहे, आणि ड्रमकिट जवळून सहज शंभरच्या वर जातो. खिडकीच्या फटी गोधड्यांनी बुजवा. पुण्यात असाल तर दुपारी एक ते चारबद्दल मी वेगळं सांगायला नको.

एसी आणि टेबल फॅन टेक चालू असताना बंद, दोन टेकच्या मध्ये चालू. हम येत असेल तर आधी अर्थिंग तपासा, इलेक्ट्रिशियनला बोलवा, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तिथेच थांबतो. रेकॉर्डिंगचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. लेव्हल लावताना ड्रमरला "हळू वाजव, लेव्हल घेतोय" म्हणू नका, गाण्यातला सगळ्यात जोरातला भाग वाजवायला सांगा आणि पीक उणे बारा-दहा डीबीच्या आसपास ठेवा, टेक घेताना तो अजून जोरात वाजवणारच आहे.

मग तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि थांबा. हे तीस सेकंद मोनोमध्ये ऐका. आधी दोन ओव्हरहेड एकत्र, मग त्यात स्नेअर माईक घाला आणि त्याचं पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करायचं) बटण दाबून-सोडून बघा, ज्या बाजूला स्नेअर भरीव वाटतो ती ठेवा. मग किकचंही तसंच. यात पाच मिनिटं जातात आणि लोक ती वाचवतात, मग मिक्सच्या वेळी पाच तास घालवतात. दोन्ही ओव्हरहेड मोनोत एकत्र केल्यावर स्नेअर पातळ होत असेल तर सुतळी चुकलीय, परत मोजा.

मिक्सबद्दल फार नाही लिहीत. वरचं सगळं केलं असेल तर ओव्हरहेडमधून ४०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी काढलं की उरलासुरला डबा जातो. किकचा खर्ज किकच्या माईकमधूनच घ्या, ओव्हरहेडचा शंभर-एक हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. छोटा रूम रिव्हर्ब स्नेअरला दिला की कोरडेपणा निघतो, आणि जिन्यातला माईक असेल तर तोही नको.

सगळं जमलं, आवाज मिळाला, की स्टँडला हात लावायच्या आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक स्टँडच्या पायाभोवती गालिच्यावर चिकटपट्टी लावा आणि बूम किती बाहेर आहे तिथे मार्करने खूण करा. सुतळी चिमटीच्या जागी गाठ मारून किकच्या गोधडीत ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी झाडू मारताना एक तरी स्टँड सरकलेला असतोच, आमच्याकडे कोण सरकवतं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.